मागच्या सीटवरून उतरा

या महिन्याचं पान एका पत्राच्या उत्तरासाठी राखून ठेवलं आहे. पत्र खासगी, पण त्यातला प्रश्न आपल्या कितीतरी घरांतला आहे. म्हणून लिहिणाऱ्या भाईंना विचारून, नाव-गाव गाळून तो इथे घेते.

भाई उत्तर रत्नागिरीतल्या एका खाडीकाठच्या गावचे. सतरा वर्षं आखातात ट्रेलर चालवतात. सध्या दोन महिन्यांच्या रजेवर घरी आलेत. लिहितात : "आपा, रजेतले बावीस दिवस संपले. आल्यापासून बायकोला मोटारसायकल शिकवतोय, पण हँडल धरलं की तिचे हात कापायला लागतात. दोनदा पडली. मी ओरडतो, ती रडते, मग दोन दिवस अबोला. आता तर ती गाडीजवळ यायलाच तयार नाही. एवढी साधी गोष्ट तिला का जमत नाही तेच कळत नाही. मी जायच्या आधी तिला गाडी आली पाहिजे. काय करू?"

घाई कशासाठी तेही त्यांनी लिहिलंय. गेल्या जुलैत एका रात्री त्यांच्या सहा वर्षांच्या मुलाला दम्याचा झटका आला. वादळी पाऊस, वीज गेलेली, मोबाईलला रेंज नाही. ती छत्री घेऊन शेजारच्या वाडीत धावली, टेम्पोवाल्याला उठवलं, आणि अकरा किलोमीटरवरच्या दवाखान्यात पोचेपर्यंत तासाहून जास्त वेळ गेला. मुलगा सुखरूप आहे, अल्हम्दुलिल्लाह. पण भाईंना हे दुसऱ्या दिवशी फोनवर कळलं, आणि तेव्हापासून त्यांच्या डोळ्यांसमोर एकच चित्र आहे : पोराला श्वास लागलाय आणि पडवीत ताडपत्रीखाली मोटारसायकल नुसती उभी आहे.

भाई, तुमची तळमळ कळते. पण पत्र मी दोनदा वाचलं आणि त्यात तुमच्या बायकोचं एकही वाक्य सापडलं नाही. तिला गाडी शिकायची आहे का, एवढंही नाही. म्हणून पत्रातल्या घरच्या नंबरावर मी एका दुपारी फोन केला आणि तिच्याशीच बोलले. ती जे म्हणाली त्यातलं तिच्या संमतीने लिहिते आहे.

तिला शिकायचंय. तुमच्यापेक्षा जास्त शिकायचंय. मुलाच्या औषधासाठी, बँकेसाठी, माहेरी आईला बघून यायला दर वेळी कुणाला तरी हाक मारायची, त्याच्या सवडीने निघायचं, त्याच्या घाईने परतायचं, याला ती कंटाळली आहे. मग म्हणाली, "आपा, गाडीची भीती चार दिवसांत गेली असती. हे मागे बसून कानात ओरडतात, ती भीती जात नाही." थोडं थांबून पुढे म्हणाली, "आणि आज पडले तर हे उचलतात. हे गेल्यावर सड्यावर एकटी पडले तर गाडी कोण उचलणार?"

तुमच्या प्रश्नाचं उत्तर या दोन वाक्यांत आहे. तिला एक भीती तुम्ही जवळ असल्याची आहे आणि दुसरी तुम्ही जवळ नसल्याची. गाडी शिकवणं म्हणजे या दोन्हींची सोय करणं. क्लच-गिअर त्यानंतर.

तर पहिली गोष्ट, मागच्या सीटवरून उतरा.

यात रुसवा-फुगव्याचा प्रश्न नाही, वजनाचा आहे. शंभर सीसीची साधी मोटारसायकल एकशे दहा किलोच्या आसपास भरते. त्यावर मागे तुमच्यासारखा धिप्पाड माणूस बसला की नवशिक्या बाईला ती गाडी तोलताच येत नाही. हळू वेगात गाडी जरा कलली की सराईत माणूस पाय टेकवून सावरतो, पण मागे सत्तर-ऐंशी किलो असले की तिचा पाय काय करणार? ती दोनदा पडली त्या दोन्ही वेळा तुम्ही मागे होतात. मला तरी यात तिचा काही दोष दिसत नाही.

माझे मिस्टर शिकवताना गाडीशेजारून चालायचे. आमची एम-८० होती, डाव्या मुठीत फिरवायचे गिअर, आवाज असा की गुरं बुजायची. शाळा घरापासून साडेचार किलोमीटर, आणि एसटीच्या वेळा शाळेच्या वेळांशी कधी जुळल्याच नाहीत, म्हणून मी शिकले. ते बोलत नसत, हातही लावत नसत, फक्त हँडलच्या बाजूने माझ्या चालीने चालत. मी पुढे गेले की मागे राहत. त्यांचा स्वभाव मुळातच अबोल. घरात मला त्याचा राग यायचा, पण शिकताना फार सोयीचा वाटला.

तुमचं दुखणं वेगळं आहे. तुम्हाला गाडी फार चांगली येते. सतरा वर्षं चाळीस-पन्नास टनांचा ट्रेलर वाळवंटातून नेणाऱ्याला क्लच सोडणं म्हणजे श्वास सोडण्यासारखं वाटतं. ते कसं करता असं कुणी विचारलं तर सांगताही येणार नाही. म्हणून "एवढी साधी गोष्ट" असं तुम्ही लिहून जाता. तिच्यासाठी ती एक गोष्ट नाही. डावा हात क्लच, उजवा हात रेस आणि पुढचा ब्रेक, डावा पाय गिअर, उजवा पाय मागचा ब्रेक, वर तोल, वर रस्ता, आणि या सगळ्यावर तुमचा आवाज. दोन हात, दोन पाय, दोन डोळे, दोन कान, सगळ्यांना एकाच वेळी वेगवेगळं काम लावलंय. घाबरली नसती तर मलाच काळजी वाटली असती.

एका वेळी एकच काम द्या.

पहिले दोन दिवस इंजिन चालूच करू नका. चावी तुमच्या खिशात ठेवा. तिला गाडी हाताने ढकलत मैदानात फिरवू द्या, उजवीकडे, डावीकडे, मागे. मेन स्टँडवर चढवू द्या, उतरवू द्या. साइड स्टँड पायाने काढणं-लावणं दहा-वीस वेळा. सीटवर बसवून बघा, दोन्ही पाय जमिनीला नीट टेकतात का. नुसते चवडे टेकत असतील तर मेकॅनिककडे जाऊन सीटचा फोम थोडा उतरवून घ्या. खर्च फार नाही आणि अर्धी भीती तिथेच उतरते.

आणि याच दोन दिवसांत गाडी आडवी पाडून तिला उचलायला शिकवा. हो, मुद्दाम, गवतावर. तुमच्या बायकोने मला विचारलेला प्रश्न हाच होता. वाकून, हातांनी ओढून उचलायला गेलं तर कंबर धरते. आधी चावी बंद, गाडी गिअरमध्ये, म्हणजे ती घरंगळणार नाही. उजव्या कुशीवर पडली असेल तर साइड स्टँड आधीच बाहेर काढून ठेवायचा, म्हणजे उभी झाली की त्यावर टेकवता येते. डाव्या कुशीवर पडली तर उभी केल्यावर धरून ठेवावी लागते, तेही करून बघायचं. मग गाडीकडे पाठ करायची, सीटला टेकून खाली बसायचं, हँडल वळवून मूठ टाकीजवळ आणायची, एका हातात ती मूठ, दुसऱ्या हातात मागचा कॅरियर किंवा चेसिसचा दांडा, आणि पाठ ताठ ठेवून पायांच्या जोराने मागे मागे सरकत उठायचं. पाण्याचे हंडे भरून वाढलेल्या आपल्या बायकांच्या मांड्यांत हा जोर असतोच. तुम्ही दूर उभे राहा. धावू नका. तिने एकटीने तीनदा गाडी उभी केली की पडण्याची भीती किती उरते ते मला कळवा.

गरम सायलेन्सर मात्र आधी दाखवून ठेवा. दुसऱ्यांदा पडली तेव्हा तिची उजवी पोटरी भाजली आहे, ती जखम तुमच्या पत्रात नाही.

जागा सड्याची घ्या. आपल्या कोकणात अल्लाहने ही एक सोय करून ठेवली आहे. घाट चढून वर गेलं की जांभ्याचा सपाट, मोकळा माळ, ना खड्डा ना गर्दी. फक्त एक करा. रत्नागिरी जिल्ह्यातल्या अनेक सड्यांवर कातळशिल्पं आहेत, हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी खडकात कोरलेले प्राणी, माणसं, आकृत्या. २०२२ मध्ये युनेस्कोच्या संभाव्य यादीत त्यांची नोंद झाली आहे. तुमच्या सड्यावर असतील तर त्यांच्यावरून चाकं नेऊ नका. मुलाला तेवढ्यात ती दाखवा. आई शिकते आहे तोवर त्याचाही वेळ जाईल.

वेळ फज्रनंतरची. उजेड पुरेसा, ऊन नाही, नाक्यावरची पोरं झोपलेली. असर ते मगरीबच्या मधे गर्दी असते आणि मावळतीचं ऊन डोळ्यांवर येतं. एका वेळी पंचवीस-तीस मिनिटं पुरे. जमू लागलं की आणखी थोडं, आणखी थोडं करत थकवू नका. थकलेला हात चुका करतो आणि त्या दिवशीची शेवटची आठवण चुकीची राहते.

तिसऱ्या दिवशी इंजिन. सपाट जागेवर पहिला गिअर, क्लच पूर्ण दाबलेला, आणि रेसला हातच लावायचा नाही. क्लच हळूहळू सोडत जायचा. एका ठिकाणी गाडी किंचित पुढे झुकते, इंजिनचा आवाज जड होतो. ते ठिकाण बोटांना कळलं पाहिजे. तिथे थांबायचं, पुन्हा दाबायचं. सोडायचं, दाबायचं. एक पाऊल पुढे, थांबा. बहुतेक शंभर सीसी गाड्या सपाटीला नुसत्या क्लचवर, रेस न देता, माणसाच्या चालीने चालतात. पाय दोन्ही बाजूंना खाली, होडी वल्हवावी तसे. गाडी बंद पडेल. पडू दे. दहा वेळा पडेल. गाडी बंद पडणं हा काही गुन्हा नाही, पण तुम्ही "च्च" केलंत की तो गुन्हा होतो.

इथे एक गोष्ट तिला नीट समजावून सांगा, कारण ती कुणी सांगत नाही. क्लच हा घाबरलेल्या माणसाचा सोबती आहे. काहीही सुचेनासं झालं, गाय आडवी आली, हात घट्ट आवळला गेला, तरी डाव्या हाताची बोटं मिटली की इंजिनचा जोर चाकापर्यंत पोचत नाही. गाडी मग नुसती घरंगळते, ब्रेकने थांबते. म्हणून "घाबरलीस तर डावी मूठ मीट" एवढं एक वाक्य तिच्या अंगात भिनवा.

याच कारणाने, "बायकांना स्कूटरच बरी" हे वाक्य मी फारसं मनावर घेत नाही. लुना १९७२ साली आली, तिला ना क्लच ना गिअर. पुण्यातल्या बायका-मुलींनी ती आपलीशी केली आणि पुढे बिनगिअरच्या स्कूटरांनी महाराष्ट्रातल्या लाखो बायकांना घराबाहेर नेलं. त्याचं मोल मोठं आहे. ज्यांना स्कूटर घेणं परवडतं आणि रस्ता चांगला आहे त्यांनी खुशाल स्कूटरवर शिकावं. पण घाबरलेल्या हाताने रेस पिळली गेली तर स्कूटर पुढेच उसळते, मधे अडवायला क्लच नाही. शिवाय स्कूटरची चाकं लहान, आपल्याकडच्या खड्ड्यांत ती जास्त आपटतात. मोटारसायकलचं मोठं चाक खड्डा पचवतं. घरात मोटारसायकल उभी असताना केवळ बाई आहे म्हणून कर्ज काढून स्कूटर आणायची काही गरज नाही.

नजर. हा धडा चौथ्या-पाचव्या दिवशीचा. नवी माणसं चाकापुढे बघतात, नाहीतर ज्याची भीती वाटते त्याकडे, म्हणजे झाड, विहीर, उभी म्हैस. आणि गाडी नेमकी तिथेच जाते. नजर जिकडे, हात तिकडे. तिला लांब, जिथे जायचंय तिथे बघायला लावा. तुम्ही स्वतः पन्नास पावलांवर जाऊन उभे राहा आणि तुमच्याकडे बघत यायला सांगा. माझे मिस्टर असे उभे राहत, हात मागे बांधून. लांबून ते मला फार देखणे दिसत, हे मी त्यांना कधी सांगितलं नाही.

ब्रेक दोन्ही एकदम. पाय दाबायचा आणि उजवी मूठ हळूहळू आवळायची, एकदम नाही. हँडल वळलेलं असताना, खडीवर किंवा ओल्या पानांवर पुढचा ब्रेक करकचून धरला की गाडी घसरलीच. १ एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना दोन्ही ब्रेक एकत्र लागण्याची आणि त्यावरच्या गाड्यांना एबीएसची सोय सक्तीची झाली. तुमची गाडी त्याआधीची आहे असं ती म्हणाली, म्हणजे तुमच्या गाडीत ही अक्कल हातापायांनाच शिकवावी लागेल.

गिअरबद्दल एवढंच, की काही गाड्यांत सगळे गिअर पुढे दाबून पडतात, काहींत पहिला खाली आणि बाकीचे वर. शिकताना दिराची गाडी, भावाची गाडी अशी अदलाबदल करू नका. चढावर गाडी थांबली तर उजव्या पायाने मागचा ब्रेक धरून क्लच सोडत निघायचं, हे उतारावर सगळं जमल्यावर शिकवा. आणि उतारावर न्यूट्रल करून पेट्रोल वाचवायची आपल्या पुरुषांची खोड तिला लावू नका. घाटात गाडी गिअरमध्येच उतरली पाहिजे, इंजिनच तिला धरून ठेवतं.

आता तुमच्या जिभेबद्दल. मागून "ब्रेक! ब्रेक!" असा आवाज आला की माणसाच्या मुठी आवळतात. उजव्या मुठीत रेस आहे. म्हणजे तुम्ही ब्रेक ओरडता आणि गाडी धावते. हे रागाने लिहीत नाही, शरीर असंच चालतं. निघण्याआधी दोघं मिळून तीन शब्द ठरवा. "क्लच", "थांब", आणि "बस". पहिले दोन तुमचे. तिसरा तिचा, आणि तिने "बस" म्हटलं की त्या दिवसाचा पाठ संपला, का म्हणून विचारायचं नाही. बाकी जे सांगायचं ते गाडी उभी राहून इंजिन बंद झाल्यावर. घरी आल्यावर अम्मीसमोर, भावजयीसमोर आज काय काय चुकलं त्याचं वाचन करायचं नाही. अबोला त्या वाचनातून सुरू होतो, तिने मला सांगितलंय.

कपड्यांचं बोलू, कारण आपल्या बायकांसाठी तो खरा प्रश्न आहे आणि शिकवणारे पुरुष तो विसरतात. मागच्या चाकात ओढणी, साडीचा पदर, बुरख्याचा घेर जाऊन झालेले अपघात आपण सगळ्यांनी ऐकलेत. डबलसीट बसणाऱ्याच्या कपड्यांसाठी मागचं निम्मं चाक तरी झाकणारी जाळी केंद्रीय मोटार वाहन नियमांतच सांगितली आहे. पुष्कळ पोरं दिसायला बरी नाही म्हणून ती काढून टाकतात. तुमच्या गाडीला आहे का बघा. चेनचं पूर्ण झाकण आहे का तेही बघा. चालवताना बुरखा असेल तर घेर कमी असलेला, घोट्याच्या वर थांबणारा, आत सलवार. पुढून बटणांचा असेल तर खालची बटणं लावलेली, नाहीतर वाऱ्याने उडून तो पाय बांधतो. ओढणी सुटी नको, पिना लावून आत खोचलेली. डोक्याला पातळ सुती स्कार्फ; गुळगुळीत रेशमी कापडावर हेल्मेट सरकतं. नकाब असेल तर त्याने डाव्या-उजव्या बाजूचं दिसणं अडत नाही ना, हे हेल्मेट घालून, मान वळवून घरातच तपासायचं. आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट, हनुवटीचा पट्टा लावलेलं, मैदानातसुद्धा. पायात बंद बूट. चपलेने गिअर नीट पडत नाही आणि पाय टेकवताना चप्पल निसटते.

लोक बोलतील. बोलतातच. सासरे काही म्हणत नाहीत, पण जमातीतले एकदोघं "हे बरं दिसतं का" म्हणून गेले, असं तिने सांगितलं. भाई, कुवेतमध्ये, दुबईत बुरख्यातल्या बायका कितीतरी वर्षांपासून मोटारी चालवतात. सौदीत २४ जून २०१८ पासून बायका गाडी चालवू लागल्या. हे बोलणाऱ्यांपैकी निम्म्यांनी तिकडे नोकऱ्या केल्यात आणि सिग्नलला त्यांच्या शेजारी गाड्या थांबवल्यात. पण हे उत्तर तिने देत बसायचं नाही, तुम्ही द्यायचं, आणि रजा संपण्याआधी द्यायचं.

कागदपत्रांकडे या. तुमच्याकडे अडतीस दिवस उरलेत आणि तिचा शिकाऊ परवाना अजून काढलेला नाही, हे ऐकून मी कपाळाला हात लावला. शिकाऊ परवाना मिळाल्यावर तीस दिवस झाल्याखेरीज पक्क्या परवान्याची परीक्षा देता येत नाही. म्हणजे उद्याच अर्ज करा. अर्जात "गिअरसह मोटारसायकल" हाच प्रकार निवडायचा. बिनगिअरच्या परवान्यावर तुमची गाडी चालवता येणार नाही. परवाना हातात येईपर्यंत सड्यावर मोकळ्या जागीच राहा. तो मिळाला की रस्त्यावर, पण सोबत पक्का परवाना असलेला माणूस हवा आणि गाडीला पुढे-मागे पांढऱ्या पाटीवर लाल अक्षरातलं "एल" हवं. तेव्हा तुम्हाला मागे बसावं लागेल. बसा, पण डबलसीट म्हणून, उस्ताद म्हणून नाही. इतकी वर्षं ती तुमच्या मागे कशी गप्प बसली तसे. परीक्षेत आठच्या आकड्यात पाय न टेकता गाडी फिरवून दाखवायची असते. सड्यावर चुन्याने तो आकडा आखा आणि तिला रोज दहा फेऱ्या मारू द्या. समजा तारीख मिळेपर्यंत तुमची रजा संपली, तरी शिकाऊ परवाना सहा महिने चालतो. सोबतीला तिचा भाऊ येईल, परीक्षा ती देईल. पण तोवर तिने एकटीने रस्त्यावर जायचं नाही. विनापरवाना चालवणाऱ्याला दंड आहे आणि गाडी देणाऱ्या मालकालाही आहे.

विम्याचं एक कलम बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पॉलिसीतलं पंधरा लाखांचं वैयक्तिक अपघात संरक्षण "मालक-चालक" यांच्यासाठी असतं, म्हणजे गाडी ज्याच्या नावावर आणि परवाना ज्याच्याकडे, त्याच्यासाठी. गाडी तुमच्या नावावर, तुम्ही आखातात, चालवणार ती. तिला काही झालं तर त्या संरक्षणातलं तिला काही मिळत नाही. एजंटला बोलावून दुसऱ्या चालकासाठी वेगळं संरक्षण घ्या, किंवा सरळ गाडीच तिच्या नावावर करा. मला दुसरं जास्त पसंत आहे.

आणि त्या जुलैच्या रात्रीबद्दल. तुम्हाला वाईट वाटेल, पण तशा रात्री, तशा पावसात, श्वास लागलेलं पोर मागे किंवा मांडीवर घेऊन तिने मोटारसायकल काढावी असं मी म्हणणार नाही. पहिल्या पावसाळ्यात तर नाहीच. शेवाळलेला डांबरी रस्ता आणि जांभ्याचा लाल चिखल तुमच्यासारख्यालाही पाडतो. त्या रात्रीसाठी टेम्पोवाल्याशी आत्ताच बोलून ठेवा, १०८ नंबर भिंतीवर लिहा, उंचावर रेंज कुठे मिळते ते सगळ्यांना माहीत असू द्या, आणि झटका आल्यावर घरात आधी काय द्यायचं ते डॉक्टरांकडून लिहून घ्या. गाडी त्या रात्रीच्या आदल्या दिवशी कामाला येते. दमा बहुतेकदा आधी सूचना देतो. दोन दिवस खोकला, छातीत घरघर, पोर खेळायला जात नाही. तेव्हा दुपारच्या उजेडात, कुणाला न विचारता, कुणाची सवड न बघता, अकरा किलोमीटर जाऊन डॉक्टरला दाखवून येता आलं पाहिजे. तिने हेच मला वेगळ्या शब्दांत सांगितलं : "त्या दिवशी सकाळीच मला कळलं होतं आपा. पण कुणाला सांगू, कोण नेणार?"

तुमच्या रजेचे शेवटचे दहा दिवस म्हणून माझ्या हिशेबाने असे असावेत. सड्यावर तिच्याबरोबर जाऊ नका. वाटेवर खाली थांबा, तिला वर जाऊ द्या. गाडी बंद पडली तर तिनेच किक मारू दे, आवाज ऐकलात तरी चढून जाऊ नका. परवाना हाती आला की आधी दळणाला, मग औषधाच्या दुकानाला, मग माहेरी. पोचल्याचा फोन मागायचा, वाटेत फोन करायचा नाही. तुम्ही घरी बसा, मुलाला जेवू घाला आणि दाराकडे बघत वाट पाहण्यात काय असतं ते जरा अनुभवा. ती सतरा वर्षं ते करते आहे.

पंक्चरवाल्याचा नंबर, मेकॅनिकचा नंबर, गाडीच्या कागदांच्या प्रती, एक जादा क्लचची वायर आणि प्लगचा पाना सीटखालच्या डब्यात ठेवून जा. चेनला तेल कसं सोडायचं ते तिच्याकडून एकदा करवून घ्या. आणि गाडीच्या दोन्ही चाव्या तिच्या पर्समध्ये. एक "असू दे" म्हणून अब्बांच्या कपाटात ठेवायची नाही.